३८१६५४७२९० : साताच्या परीक्षेत टिकलेली एकुलती एक संख्या

तीन अब्ज एक्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद. आकड्यांत ३८१६५४७२९०. शून्यापासून नऊपर्यंतचे दहाही अंक हिच्यात आहेत आणि प्रत्येक अंक एकदाच. पण तेवढ्यासाठी हिचं कौतुक करायचं कारण नाही. दहा अंक असे एकेकदा वापरून, सुरुवातीला शून्य न ठेवता, ३२,६५,९२० संख्या तयार होतात. त्या गर्दीतून हीच का उचलली, ते सांगतो. (दहा अंकी आहे म्हणून कुणाला फॅन्सी मोबाइल नंबरची आशा वाटली असेल, तर तेही नाही. आपल्याकडे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नेच सुरू होतात.)

हिला डावीकडून हळूहळू उघडत जायचं. पहिले दोन अंक घेतले की ३८, त्याला २ ने भाग जातो. पहिले तीन घेतले की ३८१, त्याला ३ ने जातो. चार घेतले तर ४ ने, पाच घेतले तर ५ ने, असं थेट दहापर्यंत:

३८ ÷ २ = १९
३८१ ÷ ३ = १२७
३८१६ ÷ ४ = ९५४
३८१६५ ÷ ५ = ७६३३
३८१६५४ ÷ ६ = ६३६०९
३८१६५४७ ÷ ७ = ५४५२२१
३८१६५४७२ ÷ ८ = ४७७०६८४
३८१६५४७२९ ÷ ९ = ४२४०६०८१
३८१६५४७२९० ÷ १० = ३८१६५४७२९

कुठेही बाकी उरत नाही. बत्तीस लाखांहून जास्त मांडण्यांत हे जमणारी मांडणी ही एकच. ‘एकच’ म्हणजे अजून दुसरी सापडली नाही अशातलं नव्हे. दुसरी असूच शकत नाही, आणि हे सिद्ध करायला कॉम्प्युटर लागत नाही. आठवीपर्यंतच्या विभाज्यतेच्या कसोट्या आणि अर्धा तास पुरतो.

सुरुवात सर्वांत सोप्या जागेपासून, म्हणजे शेवटून. दहाने भाग जायचा तर शेवटी शून्यच हवं. आता ग्वाल्हेरच्या माणसाला शून्य बसवायला सांगितलं आणि तो गडाबद्दल बोलला नाही, असं व्हायचं नाही. आमच्या गडावर चतुर्भुज मंदिर म्हणून एक छोटं, खडकात कोरलेलं विष्णूचं देऊळ आहे. बहुतेक मंडळी गाडीने उरवाई दरवाजाकडून वर जातात, त्यांना ते दिसतच नाही. गूजरी महालाच्या बाजूने पायी चढलं तर वाटेत लागतं. आतल्या शिलालेखावर संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६. मजकूर अगदी व्यवहाराचा: देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन, आणि रोजच्या ५० माळा. यातल्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, फक्त बाकीच्या अंकांपेक्षा जरा बारीक, गोल कोरलेलं आहे. भारतात ज्यांचं साल पक्कं आहे अशा कोरीव शून्यांत हे सर्वांत जुनं मानतात. ‘जगातलं पहिलं शून्य’ असं इथे येणाऱ्या पाहुण्यांना हौसेने सांगितलं जातं, पण ते सोडून द्यावं. कंबोडियातल्या शके ६०५ च्या, म्हणजे इ. स. ६८३ च्या शिलालेखात ६०५ मधलं शून्य टिंबाच्या रूपात आहे आणि ते आपल्याहून जुनं आहे. त्याने आमच्या देवळाचं काही बिघडत नाही.

वर सांगितलेला नियम या शिलालेखातल्या आकड्यांनाच लावून बघा, म्हणजे हात बसेल. २७० मधले पहिले दोन अंक २७, विषम. पहिल्याच पायरीवर बाद. १८७ मधले १८ चालतात, पण १ + ८ + ७ = १६, तेव्हा ३ ने भाग जात नाही, दुसऱ्या पायरीवर बाद. ५० ला २ ने भाग जातो आणि तिथेच संख्या संपते. म्हणजे माळा पास, जमीन नापास. इसवी सनांनाही लावता येतो. २०१६ पास होतं: २० ला २ ने, २०१ ला ३ ने, २०१६ ला ४ ने भाग जातो. त्यानंतर थेट २०४०, कारण २०२ ला आणि २०३ ला ३ ने भाग जात नाही, त्यामुळे ती दोन्ही दशकं अख्खीच्या अख्खी गळतात.

असो. दहाव्या जागी शून्य बसलं. पाच अंकी तुकड्याला ५ ने भाग जायला त्याच्या शेवटी ० किंवा ५ लागतो. शून्य खर्ची पडलं, म्हणून पाचव्या जागी ५. आता दुसरी, चौथी, सहावी आणि आठवी जागा. तिथे २, ४, ६, ८ ने भाग जायचा आहे, म्हणजे चारही ठिकाणी सम अंक हवा. सम अंक उरलेत चारच: २, ४, ६, ८. तेव्हा ते तिथेच जाणार, आणि पहिली, तिसरी, सातवी, नववी जागा १, ३, ७, ९ यांच्या वाट्याला. चार सम अंक २४ प्रकारांनी बसतात, चार विषमही २४ प्रकारांनी. एकूण ५७६. बत्तीस लाखांवरून पाचशे शहात्तरवर आलो आणि अजून एकही भागाकार केलेला नाही.

पुढची पायरी चाराची. चाराच्या कसोटीत शेवटचे दोनच अंक बघायचे असतात, म्हणजे इथे तिसरा आणि चौथा. तिसरा विषम आहे. दशकाच्या जागी विषम अंक असेल तर चाराने भाग जाण्यासाठी एककात २ किंवा ६ च लागतो: १२, १६, ३२, ३६ वगैरे आठवून पाहा. म्हणून चौथ्या जागी २ किंवा ६.

तीनची कसोटी अंकांच्या बेरजेची. पहिल्या तीन अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो. पहिल्या सहांच्या बेरजेलाही जायला हवा, कारण तिथे ६ ने भाग जायचा आहे. मग मधल्या तिघांच्या, म्हणजे चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या अंकाच्या बेरजेलाही जाणारच. मधोमध ५ पक्का आहे. चौथा २ असेल तर सहावा ८ हवा (२ + ५ + ८ = १५) आणि चौथा ६ असेल तर सहावा ४ (६ + ५ + ४ = १५). दुसरा कोणताही सम अंक चालत नाही. म्हणजे संख्येचा मध्य एक तर २५८, नाही तर ६५४.

आठाची कसोटी शेवटच्या तीन अंकांची, आणि पोरं तिला उगाच घाबरतात. इथे ती आणखी सोपी होते. सहावा अंक सम आहे, म्हणजे शतकाचा भाग २००, ४००, ६०० किंवा ८००, आणि या सगळ्यांना ८ ने भाग जातो. उरतात सातवा आणि आठवा, आणि त्यातला सातवा विषम. आठाच्या पाढ्यात विषम दशकवाल्या संख्या आहेत १६, ३२, ५६, ७२, ९६. त्यातली ५६ आपल्याला नको, कारण ५ आधीच बसलाय. म्हणजे आठव्या जागीही २ किंवा ६.

आता मध्य २५८ धरला तर चौथ्या जागी २ गेला, आठव्या जागी ६ आला आणि दुसऱ्या जागी ४ उरला. पहिला, ४ आणि तिसरा यांची बेरीज ३ च्या पटीत हवी. १, ३, ७, ९ यांतली १ आणि ७ हीच जोडी ते करते. उरलेल्या ३ आणि ९ पैकी सातव्या जागी ९, कारण ९६ ला ८ ने भाग जातो, ३६ ला नाही. या घरातून दोन उमेदवार निघाले.

मध्य ६५४ धरला तर आठव्या जागी २ आणि दुसऱ्या जागी ८. सातवा अंक ३ किंवा ७ (३२ किंवा ७२). पहिल्या-तिसऱ्या जागेचा हिशेब केला की ३ असताना चार आणि ७ असताना चार, असे आठ उमेदवार मिळतात. म्हणजे एकूण दहा.

नवाची काळजी नाही. १ ते ९ ची बेरीज ४५, तेव्हा पहिले नऊ अंक कसेही मांडा, ९ ने भाग जाणारच. सहाचं काम सम आणि तीन मिळून झालंच आहे. उरला फक्त सात.

माझी भाची आठवीत आहे. तिने जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीचे दहा तुकडे कापून त्यांवर अंक लिहिले आणि जेवणाच्या टेबलावर हे सगळं सरकवत सरकवत इथवर आणलं. मग म्हणाली, “मामा, सातची कसोटी आम्हाला शिकवलीच नाही. विसरल्या का मॅडम?” मॅडम विसरल्या नव्हत्या. २, ४, ५, ८, १० यांचं १० शी, १०० शी किंवा १००० शी थेट नातं आहे, म्हणून शेवटचे एक-दोन-तीन अंक बघून काम भागतं. ३ आणि ९ हे दहाच्या अलीकडच्या नवाच्या घरातले, म्हणून त्यांना बेरीज चालते. सात मात्र यांपैकी कुणाच्याच नात्यातला नाही. दहाच्या पद्धतीत तो उपरा आहे.

तरी एक युक्ती आहे, आणि ती शाळेत का सांगत नाहीत याचं मला नेहमी नवल वाटतं. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांत तोडायची आणि गटांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करायची. जे येईल त्याला ७ ने भाग गेला तर मूळ संख्येलाही जातो. ३८१६५४७ घ्या: गट ३, ८१६, ५४७. कडेच्या दोघांची बेरीज ५५०, मधला ८१६, फरक २६६. आणि २६६ = ७ × ३८. झालं. (इथे ३८ पुन्हा डोकावला त्यात काही गुपित नाही, निव्वळ योगायोग.) हीच युक्ती ११ आणि १३ लाही चालते.

भाचीने दहाही उमेदवारांचे पहिले सात-सात अंक घेऊन सातने भागायला बसवले. बाक्या अशा आल्या:

१४७२५८९ : बाकी ६
७४१२५८९ : बाकी २
१८९६५४३ : बाकी ५
९८१६५४३ : बाकी २
७८९६५४३ : बाकी ४
९८७६५४३ : बाकी ५
१८३६५४७ : बाकी ६
३८१६५४७ : बाकी ०
१८९६५४७ : बाकी २
९८१६५४७ : बाकी ६

नऊ जण पडले, एक राहिला.

मला या संख्येत रस आहे तो इथे. तिची ओळख करून देताना ‘चमत्कारिक’, ‘जादुई’ असली विशेषणं सर्रास लावतात, पण वर जे झालं त्यात जादू किती होती? बत्तीस लाखांवरून दहावर येणं हा सगळा नियमांचा खेळ. त्यात नशिबाला जागाच नव्हती. नशीब आलं ते शेवटच्या पायरीला. सातने भागल्यावर बाकी ० ते ६ यांतली कोणतीही उरू शकते, म्हणजे ढोबळ मानाने प्रत्येक उमेदवाराला सातात एक संधी. दहा उमेदवार, म्हणजे सरासरी एक-दीड जण पास व्हायला हवेत. एकही पास न होण्याची शक्यता साधारण २१ टक्के, नेमका एकच पास होण्याची ३६ टक्के, आणि दोन किंवा जास्त पास होण्याची उरलेली ४३. ३६ टक्क्यांची गोष्ट घडली तर तिला चमत्कार म्हणत नाहीत. गंमत जरूर म्हणावी, आणि ती गंमत कुठे बसली आहे ते बोट ठेवून दाखवता येतं, हे मला जास्त आवडतं.

गणितातले गंभीर लोक अशा गुणधर्मांकडे जरा वरूनच बघतात. त्यांचं म्हणणं असं की हा गुण संख्येचा नव्हे, ती लिहिण्याच्या आपल्या पद्धतीचा आहे. बोटं दहा होती म्हणून दहाने मोजायला लागलो. सहा असती तर ३८१६५४७२९० ला कुणी विचारलं नसतं. म्हणणं खरं आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनाही आयुष्यभर हेच ऐकावं लागलं, आणि त्यांचा ६१७४ (सगळे सारखे नसलेले चार अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी येणारा आकडा) आज जगभर मुलांना शिकवला जातो. तेव्हा तक्रार मान्य करून पुढे जाऊ आणि खरंच सहाने मोजून पाहू.

सहाच्या पद्धतीत अंक फक्त ० ते ५, आणि जागांच्या किमती १, ६, ३६, २१६, १२९६. तिथे ५४३२१ ही उलटी मोजणी लिहा (शेवटचं शून्य इथे गृहीत धरलंय). ‘५४’ म्हणजे ५ × ६ + ४ = ३४, त्याला २ ने भाग जातो. ‘५४३’ म्हणजे ३४ × ६ + ३ = २०७, ते ३ × ६९. ‘५४३२’ म्हणजे २०७ × ६ + २ = १२४४, ते ४ × ३११. ‘५४३२१’ म्हणजे १२४४ × ६ + १ = ७४६५, ते ५ × १४९३. रॉकेट सोडायच्या आधीची मोजणी, आणि ती सगळे नियम पाळते! सहाच्या पद्धतीत १४३२५ ही दुसरीही आहे. चाराच्या पद्धतीत दोन आहेत, १२३ आणि ३२१. आठाच्या पद्धतीत तीन, दहाच्या पद्धतीत आपली एकटी. बाराच्या पद्धतीत एकही नाही, आणि चौदाच्या पद्धतीत पुन्हा एक.

यात तीन, पाच, सात, नऊ अशा विषम पद्धती का आल्या नाहीत? त्याचं उत्तर दोन ओळींचं आहे. दहाच्या पद्धतीत जशी नवाला बेरजेची कसोटी, तशी नवाच्या पद्धतीत आठाला, साताच्या पद्धतीत सहाला. नवाच्या पद्धतीत १ ते ८ ची बेरीज ३६, तिला ८ ने भाग जात नाही. साताच्या पद्धतीत १ ते ६ ची बेरीज २१, तिला ६ ने नाही. पाचाच्या पद्धतीत १० ला ४ ने नाही. विषम पद्धतीत नेहमी निम्म्यावर अडकतं, मांडणी कशीही करा.

आता दहा अंक एकेकदाच वापरायची अट काढून टाका. कोणताही अंक कितीही वेळा येऊ दे, फक्त पहिले जितके अंक घ्याल तितक्याने भाग गेला पाहिजे. मग दहाव्या जागेपर्यंत अडायचा प्रश्नच नाही, कारण पुढचा अंक लावायला दहा पर्याय असतात आणि लागोपाठच्या दहा संख्यांत ७ च्या, ८ च्या, ९ च्या पटीतली किमान एक संख्या सापडतेच. अशा नऊ अंकी संख्या २,४९२ आहेत. दहा अंकीही तितक्याच, कारण दहावा अंक म्हणून शून्य लावण्याखेरीज पर्याय नाही. हाच आकडा शिखर. अकराव्या जागेपासून पंचाईत सुरू होते: पर्याय दहा, भाजक अकरा. काही संख्यांना पुढचा अंकच मिळत नाही आणि त्या तिथे खुंटतात. अकरा अंकी २,२२५, पंधरा अंकी ७७०, वीस अंकी ४४, चोवीस अंकी फक्त ३. आणि पंचवीस अंकी एकच:

३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५

हिचे तुकडे तपासायला वरच्या कसोट्या पुरतात असं नाही, १७, १९ आणि २३ ला कागदावर घाम गाळावा लागतो. पण एवढी मजल मारलेली ही संख्या सव्विसाव्या जागी का अडते, ते मात्र १००१ च्या युक्तीने दोन मिनिटांत दिसतं. २६ म्हणजे २ × १३. तीन-तीनचे गट पाडून आळीपाळीने वजाबाकी-बेरीज केली की ५१६ येतात, आणि ५१६ ला १३ ने भागलं तर बाकी ९. शेवटी आणखी एक अंक लावायचा म्हणजे आधी संख्येची दहापट: बाकी ९०, म्हणजे १३ च्या हिशेबात १२. ती पुसायला आणखी १ हवा. म्हणजे १३ ने भाग जाण्यासाठी सव्विसावा अंक १ च लागतो, दुसरा कुठलाही चालत नाही. आणि २ ने भाग जाण्यासाठी तो सम असावा लागतो.